दोन देशांत वाटली गेलेली बाग : मुस्काउच्या राजवाड्याची कहाणी

(१९८४ च्या शालान्त तुकडीचा विद्यार्थी, सध्या मुक्काम ड्रेस्डेन, जर्मनी)

स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असे संपादक मंडळाचे पत्र आले. शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ जण असतील, म्हणून मी वेगळा विषय मागून घेतला. मेळाव्याच्या निमित्ताने आपल्या शाळेच्या जुन्या दगडी इमारतीच्या जीर्णोद्धाराची चर्चा सुरू आहे. बॅचच्या व्हॉट्सअॅप गटावर रोज नवी सूचना येते. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता, आणि गेली बावीस वर्षे जर्मनीत आहे. ड्रेस्डेनपासून गाडीने दीड-दोन तासांवर बाड मुस्काउ नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथला एका सरदार घराण्याचा राजवाडा आणि त्याभोवतीची विस्तीर्ण बाग युद्धात उद्ध्वस्त झाली आणि पुढे अर्ध्या शतकाने पुन्हा उभी राहिली. पाहुणे आले की मी त्यांना हटकून तिथे नेतो. जीर्णोद्धार म्हणजे काय, तो कोणी करायचा आणि नेमका कोणत्या काळापर्यंत मागे जायचे, हे प्रश्न तिथे जितके स्पष्ट दिसतात तितके मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत.

सरदार आणि त्याचे वेड

मुस्काउ हे लुझाशिया प्रांतातले, नाइसे नदीच्या काठावरचे गाव. जर्मन लोक त्याला मुस्काउ म्हणतात, पोलिश लोक मुझाकुफ म्हणतात, आणि या भागात शतकानुशतके राहणाऱ्या सॉर्ब या छोट्या स्लाव समाजाच्या भाषेत त्याचे तिसरेच नाव आहे. एका गावाला तीन नावे असली की त्याचा इतिहास सरळ नसणार, हे आपल्या इतिहासाच्या बाईंनी लगेच ओळखले असते.

या जहागिरीत ३० ऑक्टोबर १७८५ रोजी हेर्मान फॉन प्युक्लर याचा जन्म झाला. मुस्काउ त्याच्याकडे आईच्या घराण्याकडून आले. तरुणपणी त्याने सैन्यात नोकरी केली, कर्जे केली, द्वंद्वयुद्धे केली, आणि फ्रान्स-इटलीचा बराच प्रवास पायी केला. १८११ मध्ये वडील वारले आणि जहागिरीचा कारभार त्याच्या हाती आला. नेपोलियनविरुद्धच्या युद्धानंतर तो इंग्लंडला गेला. तिथल्या उमरावांच्या बागा पाहून त्याच्या डोक्यात जे वेड शिरले ते जन्मभर गेले नाही. तोवर युरोपात राजेरजवाड्यांच्या बागा म्हणजे कंपास-पट्टीने आखलेले चौकोन, कातरलेली झुडपे आणि रांगेत उभे केलेले पुतळे. इंग्रजांनी ही आखणी मोडली होती. टेकडी, ओढा, कुरण, वृक्षांचे पुंजके हे सारे निसर्गतःच तिथे आहे असे वाटावे, अशा रीतीने ते रचायचे, ही त्यांची पद्धत.

१ मे १८१५ रोजी प्युक्लरने मुस्काउच्या रहिवाशांना उद्देशून एक जाहीर आवाहन काढले. आपण इथे मोठे उद्यान उभारणार आहोत, त्यासाठी नदीकाठच्या जमिनी आपल्याला विकाव्यात, अशी विनंती त्यात होती. पुढची तीस वर्षे हे काम चालले. त्याने राजवाड्याजवळची घरे विकत घेऊन पाडली. नाइसेचे पाणी एका नव्या पात्रातून वळवून राजवाड्याजवळून नेले. ही कृत्रिम शाखा त्याच्याच नावाने हेर्मानस्नाइसे म्हणून ओळखली जाते. तिच्यावर तळी केली. झाडे लावून ती वाढण्याची वाट पाहण्याइतका धीर त्याला नव्हता. त्यामुळे मोठमोठे वृक्ष मुळांसकट उपटून, खास गाड्यांवर घालून आणून लावले जात. याकोब रेडर नावाचा जाणकार माळी त्याच्या दिमतीला होता. इंग्लंडचे प्रसिद्ध उद्यानकार हम्फ्री रेप्टन यांचे चिरंजीव जॉन एडी रेप्टन येऊन सल्ला देऊन गेले. प्रशियाचा थोर वास्तुविशारद शिंकेल याने राजवाड्यासाठी आराखडे काढले. पैसे अपुरे पडल्याने त्यांतले थोडेच प्रत्यक्षात आले.

या बागेची रचना समजून घेण्यासारखी आहे. राजवाड्याला लागून फुलांचे ताटवे. त्यापलीकडे 'प्लेजर ग्राउंड', म्हणजे घराचा दिवाणखानाच जणू बाहेर मांडावा अशी सजवलेली हिरवळ. आणि त्यापलीकडे मोकळे, दूरवर पसरलेले उद्यान. शेवटी उद्यान कुठे संपले आणि शेते, रान कुठे सुरू झाले, हे कळतच नाही. सगळे ठिकाण दृष्टिरेषांवर उभे आहे. वाटेने चालताना एका वळणावर झाडे बाजूला होतात आणि अर्धा मैल पलीकडे राजवाड्याचा मनोरा दिसतो. दहा पावले पुढे गेले की तो नाहीसा होतो. या दृष्टिरेषा नदीच्या आरपार जातात. प्युक्लरच्या लेखी नाइसे ही हद्द नव्हतीच. ती बागेच्या मधोमध वाहणारी, बागेचा जीव असलेली नदी होती.

कर्ज, घटस्फोट आणि एक पुस्तक

एवढ्या पसाऱ्याला पैसा कुठून आणायचा? १८१७ मध्ये प्युक्लरने लूसी हिच्याशी लग्न केले. ती प्रशियाचे चॅन्सेलर हार्डेनबर्ग यांची मुलगी, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिलाही बागेचे तितकेच वेड होते. १८२२ मध्ये त्याला 'फ्युर्स्ट' म्हणजे राजपुत्राचा किताब मिळाला. किताबाने कर्ज मात्र फिटले नाही. गावात त्याने औषधी पाण्याची स्नानगृहे काढली. आजच्या 'बाड मुस्काउ' या नावातल्या 'बाड'चा अर्थ स्नान हाच. तेही पुरले नाही. शेवटी नवरा-बायकोने मिळून जो तोडगा काढला तो कादंबरीत वाचला असता तर खोटा वाटला असता. १८२६ मध्ये दोघांनी संमतीने घटस्फोट घेतला. प्युक्लरने इंग्लंडला जाऊन एखादी धनाढ्य वधू शोधायची, तिच्या पैशाने मुस्काउ वाचवायचे, आणि लूसीने तिथेच राहायचे!

तीन वर्षे इंग्लंड-आयर्लंडमध्ये फिरून तो परतला. वधू मिळाली नाही. पण या काळात त्याने लूसीला लिहिलेली लांबलचक पत्रे १८३० पासून 'एका मृताची पत्रे' अशा अर्थाच्या नावाने छापली गेली आणि ती अतोनात खपली. महाकवी गटे यांनीही त्यांचे कौतुक केले. १८३४ मध्ये उद्यानरचनेवरचे त्याचे पुस्तक चित्रांसह आणि नकाशांसह प्रसिद्ध झाले. हे पुस्तक पुढे दीडशे वर्षांनी किती उपयोगी पडणार आहे, याची त्याला कल्पना नसावी.

या माणसाचे गुणगान करताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. १८३७ मध्ये कैरोच्या गुलामांच्या बाजारात त्याने एक कोवळी आफ्रिकन मुलगी विकत घेतली. मखबूबा हे तिचे नाव. तिला तो युरोपात घेऊन आला. १८४० च्या ऑक्टोबरमध्ये, घरापासून हजारो मैल दूर, मुस्काउमध्येच ती आजाराने वारली. तिची कबर गावात आहे. लोक अजूनही तिथे फुले ठेवतात. सुंदर बागेचा धनी माणूस म्हणूनही सुंदर असतो असे नाही, ही गोष्ट त्या कबरीपाशी उभे राहिल्यावर विसरता येत नाही.

१८४५ मध्ये कर्जापायी प्युक्लरला मुस्काउ विकावे लागले. तेव्हा तो साठीच्या उंबरठ्यावर होता. वडिलांकडून आलेल्या ब्रानिट्स या सपाट, वालुकामय जहागिरीत जाऊन त्याने पुन्हा पहिल्यापासून बाग करायला घेतली. १८७१ मध्ये तो वारला तेव्हा तिथल्या तळ्यात स्वतःच उभारलेल्या मातीच्या पिरॅमिडमध्ये त्याला पुरण्यात आले. आज सामान्य जर्मन माणसाला तो ठाऊक आहे तो त्याच्या नावाच्या तीन थरांच्या आइस्क्रीममुळे. आपल्या कसाट्याच्या जवळचाच तो प्रकार.

दुसऱ्याच्या हातांनी वाढलेली बाग

मुस्काउ पुढच्याच वर्षी नेदरलँड्सचे राजपुत्र फ्रेडरिक यांच्याकडे गेले. नवा मालक आला की जुन्याचे सगळे पुसून टाकायचे, हा जगभरचा रिवाज. इथे तसे झाले नाही. १८५२ मध्ये फ्रेडरिक यांनी उद्यानाचे प्रमुख म्हणून एडुआर्ड पेट्झोल्ड यांना नेमले. पेट्झोल्ड मुलगा असताना याच बागेत उमेदवारी करून शिकले होते. आपल्याकडे शाळेचा विद्यार्थी पुढे त्याच शाळेचा मुख्याध्यापक होतो, तसेच हे. १८७८ पर्यंत सव्वीस वर्षे त्यांनी प्युक्लरचे काम पुढे नेले, मूळ कल्पनेला धक्का न लावता ते वाढवले, जगभरच्या वृक्षजातींचा मोठा संग्रह जोपासला, आणि नकाशे व नोंदी नीट ठेवल्या.

राजवाड्याचे मात्र रूप पालटले. १८६३ ते १८६६ या काळात फ्रेडरिक यांनी त्याला रेनेसाँस धाटणीचा नवा साज चढवला. आज छायाचित्रांत दिसतो तो तांबूस रंगाचा, मनोऱ्यांचा राजवाडा हा. म्हणजे प्युक्लर ज्या घरात राहिला ते रूप केव्हाच गेले आहे. १८८३ मध्ये ही मालमत्ता फॉन आर्निम घराण्याने घेतली आणि १९४५ पर्यंत ती त्यांच्याकडे होती.

१९४५

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांत नाइसे हीच युद्धाची आघाडी बनली. एप्रिल १९४५ मध्ये सोव्हिएत आणि पोलिश सैन्याने नदी ओलांडून बर्लिनच्या दिशेने शेवटची मुसंडी मारली. गाव बेचिराख झाले. नदीवरचे पूल उडवले गेले. त्या वसंतात राजवाडाही आतून जळून गेला. छपरे कोसळली, भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

त्यानंतर जे झाले ते अधिक खोलवर लागले. पॉट्सडॅमच्या परिषदेत ओडर आणि नाइसे नद्यांच्या पश्चिमेला जर्मनी आणि पूर्वेला पोलंड असे ठरले. बागेच्या मधोमध वाहणारी नदी रातोरात दोन देशांची सीमा झाली. बागेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पोलंडमध्ये गेला. राजवाडा आणि गाव जर्मनीत राहिले. पूर्व काठावरच्या जर्मन रहिवाशांना घरेदारे सोडून जावे लागले. पोलंडच्या या नव्या पश्चिम प्रदेशात जे येऊन वसले, त्यांतले असंख्य जण स्वतःच निर्वासित होते. त्यांची मूळ गावे सोव्हिएत संघात गेली होती. आपल्याकडे कल्याण-उल्हासनगरच्या छावण्यांत १९४७ नंतर उतरलेल्या सिंधी कुटुंबांना विचारा. घर गमावून दुसऱ्याच्या मुलखात नव्याने चूल मांडणे म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. अशा माणसाने एका परक्या सरदाराच्या बागेवर माया का करावी?

जर्मन बाजूला सोव्हिएत अमलाखाली शंभर हेक्टरांवरच्या जहागिऱ्या मोबदल्याशिवाय खालसा झाल्या. आर्निम घराणे गेले. आवारातला 'जुना राजवाडा' नावाचा लहान वाडा साठच्या दशकात दुरुस्त झाला, पण मुख्य राजवाड्याचा सांगाडा जवळजवळ पन्नास वर्षे उघडा राहिला. पावसाचे पाणी वरून भिंतीत मुरते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि चुन्याचा दर्जा सोडवते. माझ्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, इमारत आगीने मरते त्याहून जास्त वेळा छप्पर नसल्याने मरते. तरीही पश्चिमेकडच्या बागेची निगा तिथल्या माळ्यांनी शक्य तितकी राखली. पूर्वेकडचा भाग सीमावर्ती जंगल म्हणून पडून राहिला. तिथे आपोआप उगवलेल्या झाडांनी वाटा गिळल्या, दृष्टिरेषा मिटल्या.

दोघांनी मिळून

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, बर्लिनची भिंत पडण्याच्या सुमारास, दोन्ही देशांतले वास्तू आणि उद्यानांचे जतन करणारे तज्ज्ञ एकत्र बसले. त्यांच्यासमोर पेट्झोल्डचे नकाशे होते, प्युक्लरचे पुस्तक होते. पोलिश बाजूला पहिले काम होते ते झाडे तोडण्याचे! ऐकायला विचित्र वाटेल, पण कोणते झाड प्युक्लर-पेट्झोल्डच्या काळचे आणि कोणते नंतर आपोआप उगवलेले, हे ओळखून निवडून तोड करावी लागली. पानगळीच्या थराखालून जुन्या वाटांची खडी शोधून काढली. एकेक दृष्टिरेषा मोकळी होत गेली. पलीकडच्या काठावरून राजवाड्याचे भग्न मनोरे पुन्हा दिसू लागले.

१९९३ मध्ये सॅक्सनी राज्याने उद्यान आणि राजवाड्यासाठी एक न्यास स्थापन केला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून राजवाड्याचे काम सुरू झाले. २००३ मध्ये नदीवरचा 'दुहेरी पूल' पुन्हा उभा राहिला. १ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात आले आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात युनेस्कोने या उद्यानाचा जागतिक वारसा म्हणून समावेश केला. सुमारे ३४८ हेक्टरांचा हा वारसा जर्मन आणि पोलिश अशा दोन्ही नावांनी, दोन्ही देशांचा मिळून नोंदला गेला आहे. डिसेंबर २००७ मध्ये सीमेवरची तपासणीही संपली. आज तुम्ही पुलावरून चालत जाता आणि दोन रंगांचे सीमास्तंभ दिसले तरच देश बदलल्याचे कळते.

राजवाड्याबाबत खरा वाद होता तो कोणत्या काळाचा राजवाडा उभा करायचा, याचा. प्युक्लरचा? त्याची रूपरेषाच उरली नव्हती. शिंकेलच्या कागदावरचा? तो कधी बांधलाच गेला नव्हता. शेवटी बाहेरून फ्रेडरिक यांच्या काळातला, म्हणजे जळाला तेव्हाचा राजवाडा उभा करायचे ठरले, कारण उरलेल्या भिंती त्याच्या होत्या. आतली जुनी दालने मात्र खोटी-खोटी पुन्हा घडवली नाहीत. तिथे प्युक्लरवरचे प्रदर्शन आहे, सभागृहे आहेत, लग्ने लागतात. हे काम २०१३ पर्यंत चालले. युद्धात एका ऋतूत जळालेला वाडा उभा करायला दीड तप लागले.

आणि तरी काम संपलेले नाही. ऑगस्ट २०१० मध्ये नाइसेला महापूर आला आणि बागेतही पाणी शिरले. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांनी जुने बीच वृक्ष वाळू लागले आहेत. गेल्या खेपेला गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याशेजारी त्याच जागी लावलेले रोप दिसले. भोवती हरणांपासून रक्षणासाठी जाळी. तिथे राबणाऱ्या माळ्यांत पोलिशही होते, जर्मनही.

आपल्या इमारतीविषयी

हे सगळे शाळेच्या स्मरणिकेत का? आपल्या गटावरच्या चर्चेत प्रत्येक बॅचला आपापल्या काळातली शाळा परत हवी आहे. साठच्या दशकातल्या दादा-ताईंना मंगलोरी कौले हवीत, आम्हाला मागचा सिमेंटचा रंगमंच हवा, नंतरच्यांना संगणक कक्ष. मुस्काउवरून मला तीन गोष्टी सुचतात, त्या मांडतो.

पहिली : जे खरोखर उभे आहे त्याला धरून काम करावे. दगडी भिंती, कमानी, सागवानी तुळया शाबूत आहेत. त्यांच्यावर नंतर चढलेले थर एकेक तपासून ठेवावेत किंवा काढावेत, कोणत्याही एका बॅचच्या आठवणीवरून नव्हे. दुसरी : आधी छप्पर आणि पन्हळी, मग रंगरंगोटी. यंदाचा पावसाळा गळक्या छपराखाली गेला तर पुढच्या वर्षी अंदाजपत्रक वाढलेलेच असेल. तिसरी : उद्घाटनाच्या फलकापेक्षा दरवर्षीच्या देखभालीचा निधी महत्त्वाचा. आणि जुने नकाशे, वर्ग-छायाचित्रे, दुरुस्तीची बिले ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती आणून द्यावीत. पेट्झोल्डचे नकाशे नसते तर मुस्काउ कोणालाही सापडले नसते.

प्युक्लरने बाग गमावली, फ्रेडरिक यांच्या वारसांनी विकली, आर्निम घराण्याकडून ती हिसकावली गेली. ज्यांच्या हातून ती वाचली त्यांतल्या कोणाच्याही मालकीची ती नव्हती. पोलिश बाजूच्या लोकांचा तर तिच्याशी पूर्वीचा काही संबंधही नव्हता. आपले शाळेशी नाते याहून कितीतरी जवळचे आहे. इमारतीवर आपला हक्क नाही, पण तिच्यात आता बसणारी मुले आहेत, आणि त्यांतली बहुतेक आपल्या गावात नव्याने आलेल्या कुटुंबांची आहेत. ती शाळा त्यांना आपली वाटावी, यासाठी हा खटाटोप.

मेळाव्याला मी येतो आहे. छपराची मापे घ्यायला टेप घेऊन येईन. सकाळी लवकर आलात तर शिडी धरायला माणूस लागेल.